फायबर आल्यावरही घरचा संगणक आपोआप परदेशी नंबर लावू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशाच्या घरी वडिलांचा विंडोज ७ चा संगणक आहे. फॅक्ससाठी त्याला टेलिफोनची वायर अजून जोडलेली आहे, इंटरनेट मात्र आता फायबरचे आहे. या महिन्याच्या बिलात कोणीच न केलेले तीन आयएसडी कॉल आले. दुरुस्तीवाला म्हणतो, "डायलर व्हायरस आहे, फॉरमॅट मारूया."

संगणक असे नंबर लावू शकतो, आणि फायबर आले म्हणून ते थांबत नाही. फॉरमॅट मात्र आत्ता अजिबात करू नका. बिलावर वाद घालायचा असेल तर लागणारा पुरावा त्याच डिस्कवर आहे.

आधी संगणकाच्या मागची टेलिफोनची छोटी पिन काढा. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडायला लागली की आपण काढतो तीच. नेटवर्कची रुंद, आठ तारांची पिन वेगळी असते, ती राहू दे. नेटवर्कच्या वायरीवरून मोडेम, म्हणजे टेलिफोन लाइनवर नंबर लावणारे संगणकातले कार्ड, नंबर लावू शकत नाही. फायबरच्या डब्याला मात्र ‘टेल’ किंवा ‘फोन’ लिहिलेले भोक असते आणि त्यात साधा टेलिफोन चालतो. तिथून घरातल्या जुन्या वायरिंगला जोड दिली असेल, तर फॅक्स मोडेमच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. त्याला डायल टोन मिळते, तो नंबर फिरवतो. पलीकडे फोन उचलला गेला की मोडेमचे मोडेमशी जुळो वा न जुळो, मीटर सुरू होते.

डायलर म्हणजे नंबर लावून देणारा छोटा प्रोग्राम. डायल-अपच्या, म्हणजे टेलिफोन लाइनवरून इंटरनेट लावण्याच्या काळात एखादा ‘मोफत’ प्लगइन किंवा व्हिडिओ पाहण्याचे सॉफ्टवेअर म्हणून तो संगणकात शिरायचा, नेहमीचे कनेक्शन तोडायचा, मोडेमला ‘एटी एम०’ अशी आज्ञा देऊन त्याचा स्पीकर बंद करायचा आणि महागडा नंबर लावायचा. अमेरिकेत १९९७ साली फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका प्रकरणात कारवाई केली. तिथे कॉल मॉल्दोवाच्या नंबरवर लागत होते आणि ब्राउझर बंद केला तरी लाइन चालूच राहत होती. पैसा येतो तो कॉल पलीकडच्या नंबरापर्यंत पोचवणाऱ्या तिथल्या कंपनीला मिळणाऱ्या शुल्कातून. त्यातला वाटा नंबर भाड्याने घेणाऱ्याकडे जातो. म्हणून छोट्या देशांचे, बेटांचे महाग दराचे नंबर यात वारंवार दिसतात.

बिलातला कोड नीट वाचा. +१ म्हणजे अमेरिकाच असे नाही, ८७६ जमैकाचा आणि ४७३ ग्रेनाडाचा. +४४ ७० ने सुरू होणारा नंबर ब्रिटनच्या मोबाइलसारखा दिसतो, पण तो ‘पर्सनल नंबर’ प्रकारातला असतो आणि फसवणुकीत वर्षानुवर्षे वापरला गेला आहे. लंडनला किंवा स्विंडनला नातेवाईक असलेल्या घरात तो पटकन खपून जातो.

आता पुरावा. तपशीलवार बिल मागवा, त्यात प्रत्येक कॉलची तारीख, वेळ आणि कालावधी हवा. मग संगणकाचे घड्याळ तपासा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, तारीख मागे गेलेली असते आणि मग बिलाशी काहीच जुळत नाही. फरक किती तो कागदावर लिहून ठेवा, त्यानंतरच घड्याळ सुधारा.

वडिलांच्या युजर फोल्डरमध्ये ‘ॲपडेटा’, ‘रोमिंग’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘नेटवर्क’, ‘कनेक्शन्स’, ‘पीबीके’ असे आत जा. ‘ॲपडेटा’ लपलेले असते, आधी लपलेली फोल्डरे दाखवा. तिथे ‘रासफोन’ नावाची पीबीके फाइल मिळेल, ती नोटपॅडमध्ये उघडा. चौकटी कंसात कनेक्शनचे नाव आणि खाली ‘फोननंबर’ अशी ओळ असते. तिथे *९९# दिसले तर घाबरू नका, ती जुन्या यूएसबी डोंगलची नेहमीची नोंद आहे. ०० ने सुरू होणारा लांबलचक नंबर दिसला तर तो बिलाशी ताडून पाहा. अशीच आणखी एक फाइल ‘प्रोग्रामडेटा’खाली असते, तीही बघा. दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

विंडोज आपल्या घडामोडींची नोंद ठेवते, ती ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये दिसते. त्याच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये ‘रासक्लायंट’ या स्रोताच्या नोंदी शोधा. नोंद क्रमांक २०२२१ म्हणजे डायल करायला सुरुवात, २०२२६ म्हणजे कनेक्शन संपले. काही डायलर हा मार्ग टाळून थेट मोडेमशी बोलतात. त्यांच्यासाठी ‘विंडोज’ फोल्डरमध्ये ‘मोडेमलॉग’ने सुरू होणारी मजकूर फाइल पाहा. तिच्यात ‘एटीडीटी’ या नंबर फिरवण्याच्या आज्ञेनंतर नंबराऐवजी # ची रांग दिसते. विंडोज आकडे झाकते, पण # मोजता येतात. घरच्या फॅक्सचे नंबर दहा-अकरा आकडी असतील आणि इथे चौदा-पंधरा खुणा असतील, तर तो फॅक्स नव्हे. ही फाइल दर कॉलला नव्याने लिहिली जाते, म्हणून तिच्यात फक्त शेवटचा कॉल सापडेल. वायर परत जोडून ‘बघूया’ म्हणत प्रयोग केलात तर तोही पुसला जाईल.

यातले काहीच जुळले नाही तर संगणकाला दोष देऊ नका. खांबावरच्या डब्यातून तांब्याची लाइन येत असेल तर कोणीतरी तिथे क्लिप लावून तुमच्या लाइनवरून फोन करू शकतो. फायबरवर संशय राउटरवर, म्हणजे फायबरच्या डब्यावर घ्यावा लागतो. त्याचा पासवर्ड कारखान्यातलाच असेल आणि बाहेरून लॉगिन उघडे असेल, तर आवाजाच्या कॉलचे खातेच दुसऱ्याच्या हाती जाते आणि घरातला संगणक बंद असतानाही कॉल होतात. पासवर्ड बदला, बाहेरून होणारे व्यवस्थापन बंद करा.

खरे कुलूप मात्र संगणकात नाही, टेलिफोन कंपनीकडे आहे. आयएसडी बंद करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. गोव्यात कितीतरी घरांत कुवेत, लिस्बन, लंडनसाठी आयएसडी घेतलेली असते. आता बोलणे सगळे व्हॉट्सॲपवर होते, पण ती सुविधा तशीच उघडी राहते. वडीलधारी मंडळी "असू दे, कधी लागली तर" म्हणतात. त्यांना ही गोष्ट शांतपणे समजावून सांगा, कारण अँटिव्हायरसचा भरवसा इथे कमी आहे. बरेच डायलर ‘मी मान्य करतो’वर क्लिक करवून घेतात, त्यामुळे काही अँटिव्हायरस त्यांना व्हायरस न म्हणता नुसते ‘धोक्याचे’ म्हणून सोडून देतात.

बिलाची आणि पोलिसांकडची तक्रार मिटली की मगच सफाई, तोवर काही पुसू नका. नुसते कनेक्शन पुसून भागत नाही, पुढच्या वेळी संगणक सुरू होताच प्रोग्राम ते परत बनवतो. ‘एमएसकॉन्फिग’ या विंडोजच्या सेटिंगच्या प्रोग्राममधल्या स्टार्टअपमधून तो आधी बंद करा, मग कनेक्शन पुसा. इंटरनेट ऑप्शन्समध्ये ‘कधीही डायल करू नका’ निवडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोडेम अक्षम करा. फॅक्स रोज लागत नसेल तर कार्डच काढून टाका, एका स्क्रूचे काम आहे. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, त्यामुळे आता फॉरमॅट करणार असाल तर नवीन प्रणालीच टाका आणि वडिलांना रोजच्या वापरासाठी साधे खाते द्या, ॲडमिनचे नको.

बिलाबाबत कंपनीकडे तक्रार करा आणि डॉकेट (तक्रार) क्रमांक घ्या. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येते. फाइल्स, तपशीलवार बिल आणि घड्याळाच्या फरकाची चिठ्ठी सोबत जोडा. नंबरची नोंद संगणकात सापडली तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा किंवा रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. तिथे संगणक उचलून नेण्यापूर्वी त्यातले काही पुसले गेलेले नाही एवढे पाहा.