ड्रामा असेल तर ओपनिंग अलार्मने सुरू करू नकोस

तू लिहिलंयस की तुझ्या फिल्मची ओपनिंग दोन मिनिटांची आहे, पोरगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीत फक्त एक कॉट भाड्याने घेऊन) राहून एमपीएससी करतोय, प्रिलिम निघालेली नाही आणि घरी सांगितलेलं नाही. विषय खरंच भारी आहे, पुण्यात राहून हाच करायला पाहिजे. पण शॉट लिस्टमधला अलार्म, ब्रश, आरसा, शनिवारवाड्यावरून ड्रोन आणि वर व्हॉइस ओव्हर हे सगळं काढ, कारण ते कुठल्याही पोराचं असू शकतं, तुझ्या पोराचं त्यात काहीच नाही.

ड्रामाच्या सुरुवातीला रोजचं जगणं दाखवायचं, त्यातलं एक नातं दाखवायचं आणि त्या नात्यावर कसला ताण आहे ते कळू द्यायचं. थ्रिलर प्रेक्षकापासून माहिती लपवतो, ड्रामात बऱ्याचदा उलट असतं, प्रेक्षकाला माहीत असतं आणि पडद्यावरच्या माणसाला नसतं. ‘फँड्री’ (२०१३) परत बघ, जब्या गलोल घेऊन रानात काळ्या चिमणीच्या मागे फिरतोय, कोणी काही समजावून सांगत नाही तरी त्याची आस पोचते. ‘कोर्ट’ सिनेमात लोकशाहीर नारायण कांबळे आधी घरी मुलांची शिकवणी घेताना दिसतात, मग स्टेजवर गातात आणि तिथेच पोलीस येतात. रोजचं आधी बघितलेलं असतं म्हणून ती अटक लागते.

आता तुझं. अभ्यासिका, ट्यूबलाइट, एकाला एक चिकटलेले कप्पे, पोरं मान खाली घालून बसलीयत. मोबाईलवर निकालाची पीडीएफ, तो सीट नंबर टाकून शोधतो, सापडत नाही, एक आकडा चुकला असेल म्हणून परत टाकतो. इथे क्लोजअप बोटाचा घे, चेहरा नंतर. तेवढ्यात वडिलांचा फोन, हा जिन्यात येतो, “जेवलास का?” “हो.” “लागला का रे निकाल?” “नाही अजून, अण्णा.” मग अण्णा विचारतात, पैसे पाठवू का, हा थांबतो आणि हो म्हणतो. कट, टायटल. खोटं बोलणं एक वेळ निस्तरता येतं, पण त्या खोट्यावर घरचे पैसे घेतले की गोष्ट सुरू झाली.

वडील अजिबात दाखवू नकोस, फक्त आवाज. जिन्यातला शॉट एकच आणि लांब ठेव, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, त्याच्या गप्प बसण्यावर कट मारायचा मोह होईल तो आवर. म्युझिक नको, पंखा, पानं उलटल्याचा आवाज आणि खालच्या गाड्या पुरेशा आहेत, म्हणून शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प करून मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता शांततेतला आवाज, घ्याच, एडिटला बसल्यावर त्याशिवाय कट जुळत नाहीत. क्रेडिट्सची नावं अभ्यासिकेच्या शॉट्सवरच साध्या फॉन्टमध्ये येऊ देत.

प्लॅनिंगच्या कागदावर प्रत्येक शॉटपुढे कन्व्हेन्शन (ड्रामात रुळलेली पद्धत) कुठलं आणि इथेच का हे एका ओळीत लिही, नुसतं ‘क्लोजअप, इमोशनसाठी’ असं लिहून काही कळत नाही. आणि अण्णांचा आवाज मित्राकडून डब करून घेऊ नकोस, त्या वयाचा माणूस शोध, टेकच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीतून खरा कॉल लावायला सांग आणि दोन्हीकडचं वेगवेगळं रेकॉर्ड कर, “हो”च्या आधीचं थांबणं ॲक्टरला त्यातूनच मिळेल.