‘ते चार गठ्ठे तर आधीच गुणून झालेत!’

“पाढे तोंडपाठ आहेत हो, पण दोन-तीन अंकी संख्येला एका अंकाने गुणायचं म्हटलं की सगळं बिनसतं.” ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की पुढचं वाक्य मला आधीच माहीत असतं : “लक्षच नसतं त्याचं, निष्काळजीपणा नुसता.” नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी वापरलेला हा शब्द मला फार खटकतो. बहुतेक वेळा तो खराच नसतो.

ईशानची गोष्ट सांगते (नाव बदललं आहे). वय नऊ. आई त्याला घेऊन आली ती गणितासाठी नव्हे, तर संध्याकाळच्या रडारडीसाठी. “मॅडम, काल दीड तास बसवलं. शेवटी मी ओरडले, तो रडला. रोजचंच झालंय हे.” तो खुर्चीच्या कडेवर बसून अंगठ्याचं नख कुरतडत होता. मी वही मागितली तर त्याने ती दिली, पण उघडून नाही.

त्या पानावरच सगळं होतं. ३२ × ३ बरोबर, १२३ × ३ बरोबर. ४७ × ६ चं उत्तर ४८२. ३६ × ४ चं २०४. ५८ × ३ चं २१४. चुकीच्या तिन्ही उत्तरांवर लाल फुल्या आणि खाली ‘लक्ष दे’ असा शेरा. ज्या उदाहरणांत हातचा नव्हता ती सगळी बरोबर होती. ज्यांत होता ती झाडून सगळी चुकलेली. निष्काळजी मूल कुठेही चुकतं. हा मुलगा एकाच जागी, एकाच पद्धतीने चुकत होता.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या चाचण्या तपासत होते. त्यांना बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेली उत्तरं अधिक बोलकी वाटली, कारण त्या चुकांमागे मुलांचा स्वतःचा असा तर्क होता. माझ्या कामाचा पाया मी तिथेच मानते. म्हणून मी ईशानला ‘कसं करायचं’ हे सांगितलं नाही. “तू ४८२ कसं आणलंस ते मला शिकव,” एवढंच म्हटलं.

तो जरा सरसावला. “सात सक बेचाळीस. दोन लिहिले, हच्चा चार. मग इथे चार आहेत, त्यात हच्च्याचे चार, आठ. आठ सक अठ्ठेचाळीस.”

“हच्चा आधी का मिळवलास?”

“तसाच मिळवतात ना, ताई. बेरजेत.”

हे ऐकून मला त्याचं कौतुकच वाटलं. बेरजेत हातचा डोक्यावर लिहायचा आणि वरच्या अंकात मिळवून टाकायचा, हे तो आदल्या वर्षी नीट शिकला होता. बेरजेत तो आधी मिळवा की नंतर, उत्तर तेच येतं. गुणाकारात मात्र तीच सवय नडते. म्हणजे तो न शिकल्यामुळे चुकत नव्हता, चांगलं शिकलेलं चुकीच्या ठिकाणी वापरत होता. आई गप्प झाली. ‘निष्काळजी’ हा शब्द त्यानंतर त्या खोलीत आला नाही.

पुढच्या भेटीत मी वही बंदच ठेवली. विचारलं, “सत्तेचाळीसच्या ऐवजी पन्नास असते, तर सहा वेळा पन्नास किती?”

“तीनशे.”

“आणि सत्तेचाळीस पन्नासपेक्षा जास्त की कमी?”

“कमी.” मग तो थांबला. वही स्वतःच ओढून घेतली, ४८२ वर बोट ठेवलं. “मग हे एवढं कसं आलं?” पहिल्यांदाच चूक त्याला स्वतःला दिसली होती, लाल शाईशिवाय. इथे घाई करायची नसते. मोठ्या माणसाने तोंड मिटून बसायचं, ते फार जड जातं.

मग काड्या काढल्या. दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधले आणि टेबलावर सहा ढीग मांडले, प्रत्येकात चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या. गठ्ठे झाले चोवीस, सुट्या बेचाळीस. सुट्यांतून त्याने आणखी चार गठ्ठे बांधले, दोन काड्या उरल्या. ते नवे चार गठ्ठे मी हातात घेतले. “हे आपल्या हच्च्याचे चार. यांची आता सहापट करायची का?”

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. बाहेरचा पंखा ऐकू येईल इतकी शांतता होती. मग जवळजवळ ओरडलाच, “नाही! ते चार गठ्ठे तर आधीच गुणून झालेत! सहा ढिगांतूनच आलेत ना ते!”

इतक्या वर्षांत हातचा मी अनेकांना समजावला, पण इतका नेमका खुलासा मला स्वतःला सुचला नव्हता. हातचा आधीच गुणून झालेला असतो, म्हणून त्याला पुन्हा गुणायचं नाही, फक्त मिळवायचं. ‘आधी गुण, मग मिळव’ हा नियम मुलं पाठ करतात आणि विसरतात. ईशानला नियम लागलाच नाही, कारण त्याला कारण सापडलं होतं.

पालकांना मी याच क्रमाने जायला सांगते. आधी काड्या, मग संख्या फोडून लिहिणं : ४० × ६ = २४०, ७ × ६ = ४२, एकूण २८२. आठवडाभर तरी असंच लांबलचक लिहू द्या. आडवी मांडणी पक्की झाली की उभी मांडणी मूल स्वतःच मागतं, कारण त्याला लांब लिहायचा कंटाळा येतो. तो कंटाळा येईपर्यंत उभी मांडणी लादू नका.

आपल्या संख्यांच्या नावांचीही एक अडचण आहे. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र चार आधी येतो. म्हणून ‘चार गुणिले सहा’ न म्हणता ‘चार दशक गुणिले सहा’ किंवा ‘चाळीस सहा वेळा’ असं म्हणा. ऐकायला अवघडलेलं वाटेल, पण त्या चाराची किंमत मुलाच्या कानावर पडत राहते. आणि हातचा अंकाच्या अगदी डोक्यावर लिहायला लावू नका. तो तिथे दिसला की बेरजेची जुनी सवय जागी होते. बाजूला, लहानसा लिहू द्या. उत्तरात मिळवून झाला की खोडू द्या.

अंदाजाची सवय लावाच, पण ती प्रत्येक चूक पकडेल असं समजू नका. ३०६ × ४ चं उत्तर ईशानच्या जुन्या पद्धतीने १२८४ येतं. खरं उत्तर १२२४. अंदाज बाराशेचा, म्हणजे दोन्ही पटण्यासारखी. मधलं शून्य आलं की पुन्हा गठ्ठ्यांकडेच जावं लागतं. तीन अंकी संख्यांतही नवं काही शिकवायचं नसतं. २६८ × ७ मध्ये आठ सत्ते छप्पन्नचे पाच दशकांत जातात, सहा सत्ते बेचाळीसमध्ये ते मिळवून झालेल्या सत्तेचाळीस दशकांतले चार शतकांत, आणि उत्तर येतं १८७६. वेगळं काहीच नाही, फक्त एक घर वाढलं.

आणि तो दीड तास? तो वीस मिनिटांवर आणायला सांगितला. वीस उदाहरणांऐवजी चार, आणि त्यातलं एक मुलाने आई-बाबांना शिकवायचं. धास्तावलेल्या मुलाच्या डोक्यात हातच्याला जागाच उरत नाही. ओरडण्याने ती आणखी कमी होते.

शेवटच्या भेटीत ईशानने वही स्वतः उघडून दिली. एक उदाहरण चुकलेलं होतं : ५०७ × ८ = ४००६. आईने बोलायला तोंड उघडलं, मी मानेनेच नको म्हटलं. तो पानाकडे बघत बसला, ओठ हलत होते. मग पेन्सिल उचलून म्हणाला, “शून्याच्या घरात कोणी नव्हतं, पण पाच गठ्ठे यायचे होते. मी त्यांना आत घेतलंच नाही.” आणि शून्य खोडून तिथे पाच लिहिला.