शाखा दोन, डेटाबेस दोन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय खानापूरला आणि शाखा जांबोटीला आहे. दोन्हीकडे स्वतंत्र डेटाबेस आहेत, पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरवर चालणारे. रक्कम वळवताना प्रोग्राम आधी इकडे वजा करून कमिट करतो (नोंद कायम करतो), मग तिकडे जमा करतो. पावसाळ्यात लाइन गेली की रक्कम कधी अधांतरी राहते, कधी दोनदा जमा होते. टू-फेज कमिट (दोन्हीकडची नोंद आधी तयार, मग कायम) बसवावं का? (एक प्रोग्रामर, खानापूर)

उत्तर : दोनदा जमा का होते ते आधी पाहू. जांबोटीला रक्कम जमा झाली, पण ‘झालं’ हा निरोप परतताना लाइन गेली. प्रोग्रामने त्याचा अर्थ ‘झालं नाही’ असा घेतला आणि पुन्हा पाठवलं. उत्तर न येणं ही तिसरीच अवस्था आहे. तिला होकार समजू नका आणि नकारही समजू नका. सगळी रचना या एका गोष्टीभोवती करायला हवी.

टू-फेज कमिट पोस्टग्रेसमध्ये आहे, पण मूळ मांडणीत बंद असतं. ‘मॅक्स प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स’ या सेटिंगची किंमत शून्य असते, ती वाढवून सर्व्हर पुन्हा चालू करावा लागतो. पहिल्या टप्प्यात दोन्हीकडे ‘प्रिपेअर ट्रान्झॅक्शन’ (नोंद तयार ठेवा), दुसऱ्यात ‘कमिट प्रिपेअर्ड’ (ती कायम करा). दुखणं या दोन टप्प्यांच्या मध्ये आहे. प्रिपेअर झाल्यावर लाइन गेली, तर जांबोटीच्या खात्यावरचं लॉक (दुसरा बदल अडवणारं कुलूप) निर्णय पोचेपर्यंत सुटत नाही. सर्व्हर बंद करून चालू केला तरी सुटत नाही, आणि तोवर व्हॅक्युम या सफाईच्या कामालाही जुन्या ओळी साफ करता येत नाहीत. शिवाय निर्णय घेणाऱ्या प्रोग्रामला तो निर्णय दुसऱ्या टप्प्याआधी डिस्कवर लिहून ठेवावा लागतो, नाहीतर तो स्वतः कोसळल्यावर काय ठरलं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. ही सोय बाहेरच्या ट्रान्झॅक्शन मॅनेजरसाठी (अनेक डेटाबेसमधले व्यवहार जुळवणाऱ्या प्रोग्रामसाठी) आहे, साध्या अ‍ॅप्लिकेशनसाठी नाही, असं पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेतच म्हटलं आहे. तासन्‌तास लाइन जाणाऱ्या गावासाठी आम्ही ती सुचवणार नाही.

त्याऐवजी असं करा. खानापूरच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये खात्यातून रक्कम वजा करा, ती ‘मार्गस्थ रक्कम’ खात्यात टाका आणि ‘पाठवणी’ टेबलमध्ये एक ओळ लिहा. तीनही नोंदी होतील, नाहीतर एकही होणार नाही. त्या ओळीला १२८ बिटांचा यूयूआयडी, म्हणजे इतरांहून वेगळाच ओळख-क्रमांक, द्या. वेगळा छोटा प्रोग्राम न पोचलेल्या ओळी उचलून जांबोटीला पाठवत राहील. जांबोटीला ‘आवक’ टेबलमध्ये त्या यूयूआयडीवर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचं) ठेवा आणि नोंद ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ने (आधीच असेल तर काही करू नको) करा. ओळ खरोखर नवीन पडली तरच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये रक्कम जमा करा. किती ओळी पडल्या हे न तपासता जमा करणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक त्याहून वाईट : पुन्हा पाठवताना नवा यूयूआयडी बनवणं. मग युनिक बंधनाचा काहीच उपयोग नाही. यूयूआयडी काउंटरवर एकदाच बनतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो.

जांबोटीचं खातं बंद झालेलं असेल तर? नकारही याच वाटेने परत यायला हवा आणि खानापूरला उलट नोंद पडायला हवी. पाठवणीची ओळ पुसू नका. रोज संध्याकाळी मार्गस्थ खात्याची शिल्लक आणि न पोचलेल्या ओळींची बेरीज ताडून पाहा. फरक निघाला तर त्याच दिवशी शोधा.

प्रश्न : निपाणीच्या वखारीतल्या शेतकऱ्यांची यादी नव्या लिनक्स मशीनवर डेटा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करून नेली. आता काही नावं यादीत दिसतात, पण शोधली की सापडत नाहीत. नावं मराठीत आणि कन्नडमध्येही आहेत. (निपाणी)

उत्तर : नावं गेलेली नाहीत, इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) बिघडला आहे. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या लायब्ररीकडून घेतो. २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने तो क्रम मोठ्या प्रमाणात बदलला. जुन्या क्रमाने रचलेल्या इंडेक्समध्ये नव्या क्रमाने शोधलं, तर प्रोग्राम चुकीच्या फांदीवर जातो. ‘अ‍ॅमचेक’ या तपासणीच्या साधनाने इंडेक्स तपासा आणि अक्षरी कॉलमवरचे सगळे ‘रीइंडेक्स’ करा, म्हणजे नव्याने रचा. युनिक इंडेक्स असेल तर आधी दुबार नोंदी काढा, कारण मधल्या काळात तो त्या अडवू शकला नसेल. फिजिकल रेप्लिका (डेटा फायलींची जशीच्या तशी चालू नक्कल) वेगळ्या आवृत्तीच्या मशीनवर ठेवली तर हेच होईल. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये ओळी जातात, इंडेक्स तिकडेच बनतो, म्हणून ते सुरक्षित.

सभासद क्रमांकासारख्या अक्षरी कॉलमना ‘सी’ कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम; ‘सी’ म्हणजे साधा बाइटनिहाय क्रम) द्या; यादी अकारविल्हे दाखवायची असेल तेव्हा आयसीयू या लायब्ररीचं कोलेशन वापरा.

रीइंडेक्सनंतरही ‘कुऱ्हाडे’ सापडत नसतील तर कारण निराळं. हा ऱ्ह एखादा कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहितो, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. पोस्टग्रेस १३ पासूनचं ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन हा जोडक काढत नाही. तो प्रकार नोंद करतानाच स्वतंत्रपणे बदलून घ्या.

प्रश्न : अथणीहून बेळगावच्या सर्व्हरवरचा अहवाल काढायला फार वेळ लागतो. सर्व्हर मात्र मोकळाच दिसतो. (अथणी)

उत्तर : प्रत्येक सभासदासाठी वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) जात असणार. जाऊन यायला ३० मिलिसेकंद धरले, तर ६०० सभासदांचे १८ सेकंद नुसत्या प्रवासात जातात. सगळे क्रमांक एका अ‍ॅरेत (यादीत) घालून एकच क्वेरी पाठवा. ‘पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू’ (दूरचा पोस्टग्रेस डेटाबेस इथूनच वाचण्याची सोय) वापरत असाल तर ‘फेच साइझ’ (एका खेपेत आणायच्या ओळी) मुळात १०० असतो. मोठ्या अहवालासाठी तो २००० करून पाहा.