अखजीची पहिली घागर आणि आईचे रडणे

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. गेल्या वर्षी मृग नक्षत्रात, ऐन पेरणीच्या दिवसांत, माझा धाकटा भाऊ शेतात अंगावर वीज पडून गेला. तेरवी झाली, पाहुणे परतले आणि त्यानंतर घरात त्याचे नाव निघणेच बंद झाले. आईच्या डोळ्यांत पाणी आले की नात्यातील एक वडीलधाऱ्या बाई लगेच म्हणतात, "तू रडशीन तं त्याले तिकडं चैन पडणार नाही." कोणी गाडगेबाबांचा दाखला देतात. आई आता लोकांसमोर रडत नाही; परंतु भावाचा दुपट्टा तिने अजून धुतलेला नाही आणि खुंटीवरून तो कोणाला काढूही देत नाही. येत्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. जुन्या माणसांच्या या बोलांत खरोखर आधार असतो, की ते केवळ तोंड बंद करण्यासाठी असतात?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमचे पत्र वाचून मन भरून आले. तुम्ही ज्या बोलांविषयी विचारता त्यांत आधार निश्चित आहे. मात्र ते अर्धेच सांगितले गेले, म्हणून तुमच्या आईला त्यांचा जाच होतो आहे.

रडल्याने गेलेल्या माणसाला त्रास होतो, ही समजूत फार जुनी आहे आणि ती याज्ञवल्क्यस्मृतीत स्पष्ट शब्दांत आढळते. परंतु त्याच ठिकाणी, त्या वचनाच्या आधी, आणखी एक गोष्ट सांगितलेली आहे, जी आपण विसरलो. मृताला पाणी देऊन, स्नान करून बाहेर आलेल्या नातलगांना मऊ हिरवळीवर बसवावे, जुन्या कथा सांगून त्यांचे दुःख हलके करावे आणि मगच त्यांनी घराकडे वळावे, असे ती स्मृती सांगते. दारात कडुनिंबाची पाने चावून घरात शिरण्याची जी रीत आपल्याकडे आजही पाळली जाते, तीही तेथेच आलेली आहे. म्हणजे "रडू नका" हे सांगण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने आधी शेजारी बसले पाहिजे आणि बोलले पाहिजे. तुमच्या घरी मनाई तेवढी आली, सोबत आली नाही. उत्तरक्रिया आपल्या शक्तीप्रमाणे करावी, हेही तेथे त्याच वचनात म्हटले आहे. तेरवीसाठी कर्ज काढणाऱ्या आपल्या गावांनी तेवढे जरी मनावर घेतले तरी पुष्कळ होईल.

गाडगेबाबांविषयीही असेच घडते. मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता त्यांना कीर्तन चालू असताना कळली आणि "असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी" असे म्हणून त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवले, हे वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते वाक्य एका बापाने स्वतःला उद्देशून म्हटलेले आहे. आपल्या लेकरासाठी रडणाऱ्या आईला दुसऱ्याने ते ऐकवणे मला योग्य वाटत नाही. इतरांच्या बाबतीत काय करावे, हे बाबांच्या दशसूत्रीत वेगळे दिलेले आहे : भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी आणि त्याच ओळीने पुढे, दुःखी व निराशांना हिंमत.

तुम्ही मोठी बहीण आहात, म्हणून निवृत्तिनाथांची आठवण करून देते. 1296 मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्या प्रसंगावर नामदेवांनी जे अभंग रचले, त्यांत निवृत्तिनाथ म्हणतात की कितीही समजूत घातली तरी मन राहत नाही. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरूही. आत्मा अमर आहे हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती, तरीही धाकट्या भावासाठी त्यांचा धीर सुटला आणि नामदेवांनी ते लपवले नाही. वारकरी आजही हे अभंग म्हणतात आणि म्हणताना रडतात. तुमच्या पत्रात आईचे दुःख आहे, तुमचे स्वतःचे कोठेच नाही. तेही मोकळे होऊ द्या.

आता अखजीविषयी. नवी घागर पाण्याने भरून गेलेल्याच्या नावाने पान वाढण्याचा हा दिवस खरिपाच्या तोंडावर येतो. पुढे लगेच वखरणी, बियाणे, पेरणी यांची धांदल सुरू होते आणि मग मनातले बोलायला कोणाला उसंत नसते. तुमच्या भावाचे वर्षही पेरणीपाशीच भरते, म्हणून हा दिवस उरकून टाकू नका. पानावर त्याच्या आवडीचे काय वाढायचे हे आईलाच ठरवू द्या. आमरसाबरोबर त्याला कुरडई आवडत होती की आणखी काही, हे ती सांगू लागली की त्याचे नाव घरात आपोआप परत येईल. त्याच्या बरोबरीच्या दोन मित्रांना जेवायला बोलवा आणि त्यांना त्याच्याविषयी बोलते करा. त्या वडीलधाऱ्या बाईंनाही बोलवा. त्या वाईट मनाच्या नसाव्यात. समोरचे रडणे सहन होत नाही तेव्हा माणसे असे बोलतात. त्यांना आईजवळ बसवा आणि त्याच्या लहानपणीची एखादी गोष्ट सांगण्याची विनंती करा.

दुपट्टा खुंटीवरच राहू द्या. तो धुण्याची घाई कोणी करू नये.

मात्र एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. आईचे जेवण तुटले असेल, रात्रीमागून रात्री झोप नसेल, किंवा "आता जगून काय करू" असे शब्द तिच्या तोंडून निघत असतील, तर तेवढ्यावर रीतिरिवाज पुरे पडत नाहीत. गावातल्या आशाताईंना सांगा, जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, किंवा टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. ही शासकीय सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. फोन तुम्हीच लावून आईच्या हाती दिलात तरी चालेल, आणि स्वतःसाठी लावलात तरीही.