बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?

प्रश्न : बाबा ६२ वर्षांचे, बारा वर्षं शुगर आहे. तीन महिन्यांची सरासरी ६.९, बीपी १२४/७८. लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २१० आलं म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केली. पंधरा दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) १.० चं १.२ झालं. शेजारी म्हणाले, गोळीनं किडनी जाते. बाबांनी ती बंद केलीय. — एक वाचक, नंदगड

उत्तर : ताई, बाबांना काय बोलू नका. गोळी कशासाठी हे न सांगता चिठ्ठी फाडून देणं ही आम्हा डॉक्टरांचीच जुनी खोड.

खानापूर तालुक्यातल्या माणसाला भाताचं खाचर काय सांगायचं! पाणी वरच्या तोंडानं येतं, खालच्या तोंडानं जातं. खालचं तोंड बुजलं की पाणी तुंबतं आणि बांध पाझरायला लागतो. मूत्रपिंडाची प्रत्येक गाळणी अशीच: एक रक्तवाहिनी आत, एक बाहेर. वर्षानुवर्षांच्या साखरेनं तिथं अँजिओटेन्सिन-२ या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि ते बाहेरची वाट आवळतं. दंडावर १२४ दिसलं तरी गाळणीच्या आत दाब चढलेला असतो. पाझरतं ते अल्ब्युमिन. ३० च्या आत हवं होतं.

एवढ्यावर भागत नाही. हेच अँजिओटेन्सिन-२ पेशींना टीजीएफ-बीटा नावाचं निरोप्या प्रथिन बनवायला लावतं, आणि टीजीएफ-बीटाचा निरोप मिळाला की पेशी कोलॅजेन, म्हणजे चिवट तंतू, रचत सुटतात. म्हणजे व्रण. व्रण धरलेली गाळणी सहसा परत कामाला येत नाही. साखर आज ६.९ असली तरी सुरू झालेली ही साखळी तेवढ्यानं तुटेलच असं नाही.

टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनची बसायची जागाच अडवते. याच जातीच्या लोसार्टन आणि इर्बेसार्टननं किडनीचा ऱ्हास मंदावतो, हे २००१ मध्येच दिसलं. बाहेरचं तोंड मोकळं झालं की दाब उतरतो, गाळण थोडं कमी होतं, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन जरा चढतं. तीस टक्क्यांपर्यंत आम्ही घाबरत नाही. बाबांचं वीस टक्के. या गोळीनं रक्तातलं पोटॅशियम मात्र वाढू शकतं, ते तपासायला हवं. शहाळ्यातही ते भरपूर असतं, म्हणून तोवर रोजचं शहाळं बंद.

डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी वरच्या तोंडावर काम करते; तिच्याबद्दलही डॉक्टरांना विचारा.

गोळी आपल्या मनानं परत सुरू करू नका. याच आठवड्यात त्याच डॉक्टरांकडे जा आणि गुडघेदुखीसाठी बाबा परस्पर काही घेत असतील तर ते पाकीटही सोबत न्या. बऱ्याच वेदनाशामक गोळ्या वरचं तोंड आवळतात.