'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये पारतंत्र्य नेमके कुठे दिसते?

आर. के. नारायण यांची १९३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी निव्वळ शाळकरी खोड्यांची गंमत आहे, की तिच्यात इंग्रजी राजवटीविषयीही काही सांगितले आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती राजवट कादंबरीत सर्वत्र आहे. मात्र दहा वर्षांच्या स्वामिनाथनला ती जेवढी आणि जशी दिसू शकते, तेवढीच लेखक दाखवतो. म्हणूनच ती वरवरच्या वाचनात निसटते.

सुरुवातीलाच अल्बर्ट मिशन शाळेत एबनेझर मास्तर श्रीकृष्णाची टिंगल करतात, स्वामी उलट प्रश्न विचारतो आणि त्याचा कान पिळला जातो. त्याचे वडील, जे स्वतः वकील आहेत, मुख्याध्यापकांना खरमरीत पत्र लिहितात. नारायण स्वतः मद्रासच्या मिशन शाळेत शिकले होते, त्यामुळे या प्रसंगाला अनुभवाची धार आहे.

खरा कस लागतो तो ऑगस्ट १९३० मधल्या प्रसंगात. मुंबईच्या एका पुढाऱ्याच्या अटकेच्या निषेधार्थ मालगुडीत, म्हणजे कादंबरीतल्या काल्पनिक गावात, शरयू नदीच्या काठी सभा भरते, विदेशी कपड्यांची होळी पेटते आणि कोणीतरी टोकल्यामुळे स्वामी आपली टोपी तीत फेकून देतो. ती टोपी खादीची होती, हे नंतर वडिलांकडून कळते! दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या काचा फोडतो आणि त्याच दिवशी जमावावर लाठ्या चालवणाऱ्या पोलिसांचा अधिकारी म्हणजे आपला लाडका मित्र राजम याचे वडील आहेत, हे त्याच्या लक्षात येते. सत्तेविषयीचा राग आणि मित्राविषयीची माया एकाच मुलाच्या मनात समोरासमोर येतात, आणि लेखक त्यांतून त्याची सुटका करत नाही. मला संपूर्ण पुस्तकात हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

काचा फोडल्यामुळे मिशनची शाळा सुटते, पण छडी सुटत नाही. बोर्ड हायस्कूलमध्येही कवायत चुकवल्याबद्दल तीच उगारली जाते, आणि स्वामी ती हिसकावून खिडकीबाहेर फेकतो व पळ काढतो. हा त्याचा बंडखोरपणा मला टोपी जाळण्यापेक्षा अधिक अस्सल वाटतो, कारण इथे घोषणा देणारा जमाव भोवती नसतो.

याच मुलांना क्रिकेटचे वेड आहे, हेही विसरता येत नाही. त्यांच्या संघाचे नाव एम.सी.सी. (मालगुडी क्रिकेट क्लब), स्वामीचे टोपणनाव इंग्लंडच्या गोलंदाजावरून टेट, आणि संघ काढला तर सरकार कर बसवील की काय, ही त्यांची मनापासूनची काळजी. परक्या सत्तेविषयीचा राग, तिचे आकर्षण आणि तिची धास्ती अशी एकाच वयात, एकाच गल्लीत नांदत असे, हे मला एखाद्या इतिहासग्रंथापेक्षा इथे अधिक स्पष्ट समजले.

शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' ही दूरदर्शन मालिका पाहून कथा ठाऊक झाली असली, तरी निदान 'फुटलेल्या काचा' हे प्रकरण मूळ इंग्रजीतून वाचावे. भाषा इतकी सोपी आहे की आठवी-नववीतल्या मुलांनाही ते झेपेल.