पद मिळाल्यावर नम्र कसं राहायचं, आणि कामाचा खरा हेतू सापडतो तरी कसा?

तुम्ही लिहिलंय की नुकतीच माणसं हाताखाली आलीत, काम जमतं पण 'हे मी कशासाठी करतोय' ते कळत नाही, वरचे साहेब 'अहंकार कमी करा' म्हणतात, आणि यात श्रद्धेचा काही उपयोग होतो का. तीन प्रश्न झाले. मी मधल्यापाशीच अडकले, कारण हेच वाक्य मला एकदा भर ऑपरेशनमध्ये, पेशंटचं पोट उघडं असताना ऐकवलं गेलं होतं. ते अजून पचलेलं नाही.

मी ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स. आता निवृत्त. त्या रात्री तातडीची केस होती, आतड्याला छिद्र पडलेलं. सर्जन नावाजलेले, हात खरोखर सोन्यासारखा, ते मी आजही मान्य करते. मी स्क्रब होते, म्हणजे हात धुऊन सर्जनच्या हातात अवजारं देणारी; फ्लोअरवरची, म्हणजे बाहेरून सामान फोडून देणारी सिस्टर नवीन. पोट धुऊन झालं, सर म्हणाले, "क्लोजर द्या," म्हणजे पोट शिवायचं सामान. मी म्हटलं, "सर, काउंट." काउंट म्हणजे मोजणी. मॉप, म्हणजे पोटात रक्त टिपायचे कापडाचे तुकडे, पाचपाचच्या गठ्ठ्यात येतात. चार गठ्ठे फोडलेले, म्हणजे वीस. फळ्यावर वीस लिहिलेले. परत आलेले भरले एकोणीस.

पुन्हा मोजले. खाली अंथरलेल्या कापडावर पाचपाचच्या रांगा लावल्या, दोन एकमेकांना चिकटलेत का म्हणून रक्ताने जड झालेला एकेक मॉप उलगडून बघितला. चौथ्या रांगेत चारच.

सर म्हणाले, "पोटात काही नाही. मी चारी बाजू हात फिरवलाय. बंद करतोय."

मी म्हटलं, "सर, एकोणीस आहेत."

भूल देणारे डॉक्टर म्हणाले, बीपी फार वेळ धरून ठेवता येणार नाही. नवीन सिस्टरच्या डोळ्यांत पाणी, तिला वाटलं गठ्ठा फोडताना आपणच चुकलो. आणि मग ते वाक्य आलं. अगदी शांत आवाजात, त्यामुळे जास्त लागलं: "सिस्टर, हे सेवेचं काम आहे. इथे अहंकार बाहेर ठेवून यायचं असतं."

मी म्हटलं, "ठीक आहे सर. पण रजिस्टरमध्ये 'काउंट बरोबर' असं मी लिहिणार नाही."

झालं. सुई-धागा खाली ठेवला गेला, एक्स-रेचं मशीन आलं. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो, तो दिसायला हवा. नाही दिसला. पोट स्वच्छ. सर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बघा." या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली, तेवढा वेळ पेशंट विनाकारण भुलीखाली.

तेवढ्यात सफाईच्या मावशींनी कोणालाही न विचारता सक्शनचं, म्हणजे रक्त ओढून घेणारं मशीन पायाने सरकवलं आणि त्याच्या चाकामागून रक्ताने काळा झालेला एक गोळा चिमट्याने ओढून काढला. विसावा.

म्हणजे आकडा माझा बरोबर आणि पोट सरांचं बरोबर. पेशंट सुखरूप घरी गेला. पण त्या रात्रीचं भांडण पुढे जवळजवळ वीस वर्षं चाललं. सरांच्या निरोप समारंभातसुद्धा त्यांनी हा किस्सा सांगितला: "सिस्टरांनी एकदा मला भर पोटावर थांबवलं होतं, आणि पोटात काहीच नव्हतं!" सगळे हसले, मीही हसले. इथे मात्र लिहिते, सर, एकोणीसच होते. पोटात असता तरी एकोणीस, चाकामागे असला तरी एकोणीस. तो कुठे आहे हे माहीत नसताना पोट शिवायचं नसतं.

आता जी गोष्ट मी त्या समारंभात उठून सांगू शकले असते आणि सांगितली नाही, ती सांगते. दुसऱ्यांदा मोजत होते तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "सिस्टर, तिकडं खाली काहीतरी पडल्यागत वाटतंय." आणि मी म्हणाले होते, "मावशी, आत्ता मध्ये बोलू नका." सर मला जे करत होते तेच मी एक पायरी खाली, त्याच मिनिटाला करत होते. पेशंटची ती पंचवीस मिनिटं सरांच्या खात्यावर घालून मी वर्षानुवर्षं मिरवलं. खरं तर ती माझीही होती.

घडल्या प्रकाराची नोंद करताना 'कोणास सापडला' असं लिहायची वेळ आली, तेव्हा मला मावशींना त्यांचं नाव विचारावं लागलं. सहा वर्षं एका ओटीत होतो आम्ही.

म्हणून तुमच्या साहेबांना माझा निरोप द्या (नका देऊ, नोकरी जाईल): नम्रतेचा उपदेश नेहमी वरून खालीच का येतो? खालचा माणूस आकडा घेऊन उभा राहिला की त्याला अहंकारी म्हणायचं, आणि वरचा आपलं ऐकायला तयार नसला की त्याला आत्मविश्वास म्हणायचं, हा सोयीचा मामला आहे. वर्षातून एक दिवस झाडू हातात घेऊन फोटो काढणारे साहेबही मी पाहिलेत. झाडू राहू द्या. सफाईवाल्याने काही सांगितलं तर हातातलं काम थांबवता का, तेवढं सांगा.

पुढे मी ओटीची इन्चार्ज झाले. एकच नवी गोष्ट केली: क्लोजरच्या आधी मावशींना, मामांना (वॉर्डबॉयना) नावाने हाक मारून विचारायचं, खाली काही दिसतंय का. काही डॉक्टर हसायचे. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेच्या वेळी तपासायच्या गोष्टींची यादी आली, त्यात चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असं एक कलम आहे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले होते. हसणं थांबलं. यादीत एकोणीस कलमं आहेत, नाव सांगणं त्यातलं एक, त्यामुळे सगळं श्रेय त्याला देत नाही. आणि नुसत्या टिका मारून यादी भरणारेही भरपूर आहेत.

हेतूचं. 'स्वतःला शोधा, आवड शोधा' वगैरे मला पटत नाही. आमच्या धंद्याच्या आद्य बाईच घ्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहून ठेवलंय की 1837 च्या फेब्रुवारीत देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलं. वय सोळा. कोणती सेवा, ते काही कळलं नाही. घरच्यांचा विरोध, आणि रीतसर शिकायला मिळालं ते 1851 मध्ये, जर्मनीत, तेही तीनेक महिने. म्हणजे साक्षात देवाची हाक येऊनही चौदा वर्षं बाई घरात. तुम्हाला सहा महिन्यांत कळलं नाही तर काय बिघडलं?

लोकांना त्यांच्या हातातला दिवा आठवतो. मला त्यांचे तक्ते आठवतात. 1854 मध्ये, क्रिमियन युद्धात, त्या 38 जणींना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, आणि त्या हिवाळ्यात मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी वाढले. मार्च 1855 मध्ये स्वच्छतेसाठी वेगळं पथक आलं, गटारं साफ झाली, हवा खेळती झाली, तेव्हा कुठे आकडा उतरला. बाईंनी परत गेल्यावर हे सगळं मांडून बघितलं आणि 1858 मध्ये आकृत्या काढून छापलं की सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनीच जास्त मेले. यात त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयाचे मृत्यूही होते. मला ही श्रद्धा कळते. आकड्यांतून देवाचा नियम वाचता येतो असं त्या मानायच्या, आणि आकडा आपल्या विरुद्ध गेला तरी तो खोडायचा नाही.

आमच्या सरांच्या ओटीबाहेर 'कर्म हीच पूजा' अशी पाटी होती. आत जाताना ते हात जोडायचे, मनापासून जोडायचे, त्यात ढोंग नव्हतं. पण एकदा हात जोडले की आपल्या हातून चूक होणार नाही, असा त्यांचा समज होता. श्रद्धेने माणूस नम्र होतो असं सरसकट म्हणू नका.

थोडं आवरतं घेते. मी ज्या कामात होते तिथे चूक मोजता येते, वीस वजा एकोणीस. तुमच्या कामात कदाचित येत नसेल, मग माझा अर्धा सल्ला बाद. शिवाय आकड्याचीही फार भक्ती नको. पोटात वस्तू राहिलेल्या केसेसचा एक अभ्यास 2003 मध्ये छापून आला. त्यातल्या ज्या केसेसमध्ये मोजणी झाली होती, त्यातल्या बहुतेकांच्या कागदावर 'काउंट बरोबर' असंच होतं. तातडीच्या केसमध्ये धोका सुमारे नऊपट. ते वाचलं त्या दिवशी मी जरा गप्प होते. त्या रात्री माझी मोजणीही चुकली असती, तर मी तितक्याच ताठ मानेने 'वीस' म्हणाले असते आणि सरांनी शिवलं असतं. मी अडून बसले त्यात थोडा माझा तोराही होताच. फक्त तो नेमका किती, ते सरांनी ठरवायचं नव्हतं.

आणि तुमच्या वरचा माणूस नुसता चिडका नसून खरोखर छळणारा असेल, तर नम्रताबिम्रता सोडा, लेखी तक्रार करा.

राहिला शेवटचा प्रश्न. हो, मी प्रार्थना करायचे. हात धुताना. गाऊन चढवून मोजणी सुरू झाली की नाही, कारण मध्ये मनात दुसरं काही आलं की आकडा विसरतो आणि पहिल्यापासून मोजावं लागतं.